क्वेरी पुशडाउन: काम डेटाबेसकडे कसं ढकललं जातं आणि कधी अडतं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे रोज सकाळी एक रिपोर्ट चालायचा: काल किती ऑर्डर आल्या, कुठल्या दुकानातून आणि किती रुपयांच्या. ऑर्डरचं टेबल एका सर्व्हरवर आणि रिपोर्टचा डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर होता. दोन्हीकडे पोस्टग्रेसच. क्वेरी मी लिहिली होती. सुरुवातीला सगळं छान चाललं. टेबल वाढत गेलं तसा रिपोर्टला पाऊण तास लागायला लागला आणि तेवढ्या वेळात दुकानांच्या काउंटरवर बिलं अडकायला लागली. फोन यायचे सपोर्टच्या टीमला आणि बोलणी त्यांनाच खावी लागायची. मीटिंगमध्ये मी छातीठोकपणे सांगितलं, "सर्व्हर कमी पडतोय, मोठा घ्यायला हवा."

सर्व्हर कमी पडत नव्हता. माझ्या क्वेरीतली एक अट ऑर्डरच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती. ती का पोचत नव्हती हे शोधताना मला पुशडाउन खऱ्या अर्थाने कळलं. या लेखात तेच सांगते.

पुशडाउन म्हणजे काय?

सातबारा हवा असेल तर आपण तलाठ्याला गट नंबर सांगतो. गावचं सगळं दप्तर घरी आणून आपला उतारा शोधत बसत नाही. पुशडाउन म्हणजे एवढंच: डेटा जिथे आहे तिथेच जास्तीत जास्त काम उरकायचं आणि फक्त उत्तर मागवायचं.

क्वेरी ऑप्टिमायझर तुमची क्वेरी वाचून तिचा प्लॅन बनवतो. प्लॅन म्हणजे पायऱ्यांची उतरंड. सगळ्यात खाली टेबल वाचणं, त्यावर फिल्टर, त्यावर जॉइन, त्यावर बेरीज किंवा मोजणी आणि सगळ्यात वर लिमिट. यातल्या जितक्या पायऱ्या डेटाजवळ सरकवता येतील तितक्या ऑप्टिमायझर सरकवतो.

कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या सिस्टिम आर या 1970च्या दशकातल्या प्रकल्पात साध्या अटी थेट स्टोरेजच्या थराकडे पाठवल्या जायच्या, म्हणजे नको असलेल्या रो वर येतच नसत. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांच्या 1979च्या प्रसिद्ध पेपरमध्ये अशा अटींना 'सार्गेबल' म्हटलं आहे. हा शब्द आजही वापरात आहे.

पुशडाउनसाठी दोन वेगळे सर्व्हर लागतातच असंही नाही. मायएसक्यूएलने 5.6 आवृत्तीत इंडेक्स कंडिशन पुशडाउन आणलं. त्यात एकाच डेटाबेसच्या आत वरचा थर आपली अट स्टोरेज इंजिनकडे देतो. पार्केच्या फाइलमध्ये प्रत्येक गटासाठी कॉलमची सर्वात लहान आणि सर्वात मोठी किंमत लिहिलेली असू शकते. ती बघून स्पार्क नको असलेले गट न वाचताच सोडून देतो. जागा वेगवेगळ्या असल्या तरी तत्त्व एकच.

काय काय ढकलता येतं?

- फिल्टर: अटीत बसणाऱ्या रोच मागवणं.
- कॉलमची निवड: 40 कॉलमपैकी हवे तेवढे 3 मागवणं.
- जॉइन: दोन्ही टेबलं एकाच सर्व्हरवर असतील तर तिथेच जोडून घेणं.
- बेरीज, मोजणी, ग्रुपिंग: लाखो रोऐवजी तयार आकडे मागवणं.
- क्रम लावणं आणि लिमिट: पहिल्या 10 रो हव्यात तर 10च मागवणं.

हे सगळं एका दिवसात आलेलं नाही. दूरच्या पोस्टग्रेसशी जोडणारं पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू हे एक्स्टेन्शन 2013 मध्ये 9.3 आवृत्तीबरोबर आलं, तेव्हा त्यात प्रामुख्याने फिल्टर ढकलले जायचे. जॉइन आणि क्रम लावणं 2016 मध्ये 9.6 आवृत्तीत आलं, तर बेरीज-मोजणी 2017 मध्ये 10व्या आवृत्तीत. म्हणून जुनी आवृत्ती वापरत असाल तर आधी तिला काय जमतं ते बघा.

मग ऑप्टिमायझर अडतो कुठे?

वेग हा ऑप्टिमायझरसाठी नंतरचा प्रश्न आहे. उत्तर तेच येईल याची खात्री असेल तरच तो काम खाली ढकलतो. जरा शंका आली की डेटा वर मागवतो आणि काम स्वतः करतो. ही शंका नेमकी कधी येते, ते बघू.

पहिलं कारण वेळ. माझ्या क्वेरीतली अट साधी होती: ऑर्डरची वेळ 'नाऊ वजा 1 दिवस' याच्या पुढची हवी. पण 'नाऊ'चं उत्तर चालवण्याच्या क्षणावर आणि सर्व्हरच्या घड्याळावर अवलंबून असतं. दूरच्या सर्व्हरचं घड्याळ वेगळं असेल तर उत्तर बदलेल. म्हणून पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू असं फंक्शन ढकलत नाही. इनपुट तेच तर आउटपुट कायम तेच, अशी हमी असलेली फंक्शन्सच ते पाठवतं.

दुसरं कारण मजकुराची तुलना. मायएसक्यूएल 8.0 मध्ये ठरावीक सेटिंगला इंग्रजी लहान-मोठी अक्षरं एकच मानली जातात. पोस्टग्रेसमध्ये ती वेगळी असतात. ट्रिनो हे इंजिन याच कारणासाठी मायएसक्यूएलच्या मजकूर कॉलमवरच्या अटी खाली ढकलत नाही. क्रमाचंही तसंच. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. पण नुसत्या युनिकोड क्रमांकाने लावलं तर ळ हा ल च्या लगेच मागे येतो, आणि क्ष हा क, हलन्त आणि ष मिळून बनत असल्याने क च्या घरात जाऊन बसतो. म्हणजे 'क्षितिजा' हे नाव एका सर्व्हरवर यादीच्या शेवटी असेल आणि दुसऱ्यावर 'गणेश'च्याही आधी. असं असताना क्रम लावायचं काम डोळे झाकून दुसऱ्याकडे कसं द्यायचं?

तिसरं कारण गणिताचं. समजा पुण्याच्या सर्व्हरवर 100 आणि 200 रुपयांच्या दोन ऑर्डर आहेत आणि नागपूरच्या सर्व्हरवर 600 रुपयांची एकच. दोन्हीकडून सरासरी मागवली तर 150 आणि 600 येतील आणि त्यांची सरासरी 375 होईल. खरी सरासरी 300 आहे. म्हणून शहाणं इंजिन सरासरी न मागता बेरीज आणि मोजणी मागवतं आणि भागाकार वर करतं.

चौथं कारण तुमचं स्वतःचं फंक्शन. स्पार्कमध्ये पायथनचं फंक्शन लिहून फिल्टर केलंत तर ऑप्टिमायझरसाठी तो बंद डबा असतो. आत काय आहे ते त्याला दिसत नाही आणि समोरच्या डेटाबेसला पायथन चालवता येत नाही.

एक अट अडली की वरचं सगळं अडतं

माझ्या रिपोर्टमध्ये मला हे सगळ्यात उशिरा कळलं. तारखेची अट खाली गेली नाही, म्हणून दुकानवार बेरीजही खाली जाऊ शकली नाही. फिल्टर लावायच्या आधी बेरीज केली तर त्यात जुन्या ऑर्डरही मिसळतील. लिमिटचंही तेच: आधी 10 रो आणल्या आणि मग अट लावली तर हातात कदाचित 2च उरतील.

म्हणजे एका 'नाऊ'मुळे ऑर्डरचं अख्खं टेबल नेटवर्कवरून येत होतं. त्यात पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू काही सांगितलं नाही तर एका खेपेला 100 रो आणतं. कोट्यवधी रोचे किती खेटे झाले असतील ते तुम्हीच मोजा.

कसं तपासायचं?

अंदाज बांधू नका, प्लॅन बघा.

- पोस्टग्रेसमध्ये एक्सप्लेन व्हर्बोज चालवा. 'रिमोट एसक्यूएल' अशी ओळ दिसेल. दूरच्या सर्व्हरकडे खरंच गेलेली क्वेरी ती. त्यात तुमची अट नसेल आणि वेगळ्या 'फिल्टर' ओळीत असेल तर ती ढकलली गेलेली नाही.
- मायएसक्यूएलच्या एक्सप्लेनमध्ये 'युझिंग इंडेक्स कंडिशन' दिसलं तर इंडेक्स कंडिशन पुशडाउन वापरलं जातंय.
- स्पार्कच्या प्लॅनमध्ये 'पुश्ड फिल्टर्स'ची यादी वाचा.

दुरुस्ती बहुतेक वेळा छोटीच असते. वेळ किंवा तारीख प्रोग्राममध्ये काढून पॅरामीटर म्हणून द्या, आणि ती कॉलमच्याच टाइपची असू द्या. कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळू नका: 'ऑर्डरच्या वेळेतून काढलेली तारीख अमुक' असं लिहिण्यापेक्षा 'वेळ या क्षणापासून त्या क्षणाच्या आधीपर्यंत' असं लिहा. म्हणजे अट खालीही जाते आणि तिथला साधा इंडेक्सही कामी येतो.

नेहमीच ढकलावं का?

नाही. ढकललेलं काम करणारा सर्व्हरही कुणाचा तरी असतो. तिथे दिवसभर बिलं निघत असतील आणि तुमच्या अटीला इंडेक्स नसेल, तर तुम्ही फक्त ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर टाकलंत. जॉइनचंही भान ठेवा. जॉइननंतर मूळ दोन टेबलांपेक्षा जास्त रो होणार असतील तर दोन्ही टेबलं वेगवेगळी आणून इकडे जोडणंच स्वस्त पडतं.

आमच्याकडे शेवटी एकच ओळ बदलली. तारीख प्रोग्राममधून पाठवली. 'रिमोट एसक्यूएल'मध्ये अट आली, पाठोपाठ ग्रुपिंगही आलं आणि रिपोर्ट चहा गार व्हायच्या आत तयार व्हायला लागला. मोठा सर्व्हर घेतला नाही. सपोर्टच्या टीमकडे जाऊन चूक माझी होती हे सांगितलं. प्लॅन बघायला मला दोन मिनिटं लागली असती; मी दोन महिने बघितला नव्हता.

तुमचा एखादा रिपोर्ट असाच रेंगाळत असेल तर हार्डवेअरची मागणी करण्याआधी त्याचा प्लॅन उघडा आणि बघा, तुमची अट खरंच डेटाबेसपर्यंत पोचतेय का.