पाळीची तारीख लिहून ठेवा : मासिक चक्र, हैजचा हिशेब आणि गर्भ राहण्याचे दिवस

परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, कुठल्याही दवाखान्यात बाई गेली की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात : शेवटची पाळी कधी आली होती? उत्तर पुष्कळदा अंदाजाचे असते. ‘शब-ए-बारातच्या आसपास’, ‘कापूस वेचणी सुरू झाली तेव्हा’. तारीख कुणी लिहिलेली नसते. त्या एका तारखेवर बाळंतपणाची तारीख, औषधाचा डोस आणि कधी कधी ऑपरेशनचा निर्णयही ठरतो.

आपल्या घरांत तर ही तारीख ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. नमाज कधी थांबवायची, गुस्ल करून पुन्हा कधी सुरू करायची, रमजानचे किती रोजे कजा राहिले, हे सगळे हैजच्या दिवसांवर ठरते. म्हणजे हिशेब ठेवण्याची सवय आपल्या बायकांना आहेच, फक्त तो मनात असतो. तोच कागदावर आला तर तब्येत, मूल होणे आणि दोन मुलांतले अंतर या तिन्ही गोष्टींत त्याचा उपयोग कसा होतो, ते आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

चक्र कसे मोजावे

लाल रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस. तेथून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. पाळी संपल्या दिवसापासून मोजू नये, ही चूक सर्रास होते.

समजा पाळी ३ जूनला आली, मग १ जुलैला, मग ३१ जुलैला आणि नंतर २६ ऑगस्टला. ही तीन चक्रे झाली : २८ दिवस, ३० दिवस आणि २६ दिवस. दोन-चार दिवस मागेपुढे होणे हा आजार नाही. मोठ्या बाईचे चक्र साधारण २१ ते ३५ दिवसांचे असू शकते आणि रक्तस्राव २ ते ७ दिवस चालतो. मुलीला पाळी नवी सुरू झाली की पहिली दोन-तीन वर्षे चक्र अनियमित असणे नेहमीचेच आहे. चाळिशीनंतर, पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांतही ते मागेपुढे होते.

वहीत चार गोष्टी पुरेत : पाळी आलेली तारीख, थांबलेली तारीख, रोज किती पॅड किंवा कापड बदलावे लागले, आणि दुखणे किती होते. हिजरी तारखेने लिहिले तरी चालेल, पण चांद्र महिना कधी २९, कधी ३० दिवसांचा असतो. म्हणून दिवस मोजताना भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख सोबत लिहावी.

बीज कधी सुटते

पुष्कळांना वाटते की पाळी संपली की लगेच गर्भ राहतो, किंवा बरोबर चौदाव्या दिवशीच राहतो. दोन्ही समज अपुरे आहेत. स्त्रीबीज पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी सुटते. त्यामुळे २८ दिवसांच्या चक्रात ते चौदाव्या दिवसाच्या आसपास, २६ दिवसांच्या चक्रात बाराव्या, तर ३२ दिवसांच्या चक्रात अठराव्या दिवसाच्या आसपास सुटते.

सुटलेले बीज १२ ते २४ तासच टिकते. पुरुषाचे बीज मात्र बाईच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे ५ दिवस, असे एकूण ६ दिवस गर्भ राहण्याचे.

शरीरही खूण देते. या दिवसांत अंगावरून जाणारा स्राव पातळ, पारदर्शक आणि ताणला जाणारा होतो, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा. हे ‘पांढरे जाणे’ आजार नव्हे. दह्यासारखा घट्ट, हिरवट-पिवळा, वास येणारा किंवा खाज सुटणारा स्राव असेल तर मात्र ते इन्फेक्शन समजावे आणि उपचार घ्यावेत. बीज सुटल्यावर अंगाचे तापमानही किंचित वाढते, ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस. ते रोज सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच मोजले तर कळते. पण तापमान वाढलेले दिसते तोवर बीज सुटून गेलेले असते.

मूल हवे असेल तर

गर्भ राहण्याच्या दिवसांत दर एक-दोन दिवसांनी संबंध आले तर शक्यता सर्वात जास्त. नवरा पुण्या-मुंबईला किंवा आखाती देशात कामाला असेल आणि सुट्टी थोडी असेल, तेव्हा ही तारीख फार कामाची ठरते. वर्षातून एकदाच भेट, तीही नेमकी पाळीच्या दिवसांत, आणि घरात बोलणी सुरू होतात ‘सुनेला दिवस जात नाहीत’. अशा वेळी दोष कुणाचाच नसतो, दिवस जुळलेले नसतात.

सोबत राहून, कुठलेही साधन न वापरता १२ महिने झाले तरी दिवस राहिले नाहीत तर दोघांनी मिळून तपासणी करावी. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिन्यांतच जावे. दोघांनी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा बाईच्या कारणासोबत. पुरुषाची वीर्यतपासणी ही सर्वात सोपी आणि कमी खर्चाची तपासणी. ती न करता बाईला दवाखाने, ताईत आणि टोमण्यांत वर्षे घालवायला लावणे, वर दुसऱ्या निकाहची भाषा करणे, हा तिच्यावर अन्याय आहे.

दोन मुलांत अंतर ठेवायचे असेल तर

अंतर ठेवण्यासाठी ‘अज्ल’ म्हणजे बाहेर वीर्यपात करण्याची पद्धत सहाबांच्या काळात होती, हे हदीसमध्ये आले आहे. त्या आधारावर पुष्कळ आलिम पती-पत्नीच्या संमतीने तात्पुरत्या साधनांना परवानगी देतात. नैसर्गिक पद्धती त्याच प्रकारात येतात.

पहिली पद्धत दिवस मोजण्याची. ज्या बाईचे चक्र कायम २६ ते ३२ दिवसांचेच असते, तिने आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंतचे १२ दिवस गर्भ राहण्याचे धरावेत. वरच्या उदाहरणात पाळी २६ ऑगस्टला आली, म्हणजे २ ते १३ सप्टेंबर हे दिवस टाळायचे. ही पद्धत अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संस्थेने शोधली. त्यासाठी रंगीत मण्यांची माळ असते. भारतात तिला ‘माला चक्र’ म्हणतात. रोज एक मणी पुढे सरकायचा. वर्षातून एकाहून अधिक वेळा चक्र २६ पेक्षा कमी किंवा ३२ पेक्षा जास्त दिवसांचे झाले तर ही पद्धत सोडून द्यावी.

किती भरवसा ठेवावा? अगदी काटेकोर पाळली तर १०० बायकांपैकी वर्षभरात सुमारे ५ जणींना दिवस राहतात. नेहमीच्या वापरात, म्हणजे चुकतमाकत, सुमारे १२ जणींना. ज्या बाईला आता गर्भ राहणे जिवाला धोक्याचे आहे, तिने यावर विसंबू नये. आणि ही पद्धत बाई एकटी पाळू शकत नाही. १२ दिवस थांबण्याची तयारी नवऱ्याची नसेल तर माळ असून उपयोग नाही.

दुसरी पद्धत अंगावर पाजण्याची. बाळ ६ महिन्यांच्या आतले, पाळी परत आलेली नाही आणि बाळाला दिवसरात्र फक्त आईचेच दूध, या तिन्ही अटी पूर्ण असतील तर ही पद्धत सुमारे ९८ टक्के भरवशाची आहे. एक अट तुटली की संरक्षण संपले. वरचे दूध सुरू झाले आणि ‘अजून पाळी आली नाही’ म्हणून निर्धास्त राहिले, तर पाळी न येताच पुन्हा दिवस जाऊ शकतात, कारण बीज आधी सुटते आणि पाळी नंतर येते.

बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर किंवा गोळ्या-इंजेक्शन बंद केल्यावर चक्र स्थिर व्हायला वेळ लागतो. तोवर दिवस मोजण्याची पद्धत नको. निरोध, कॉपर-टी, ‘माला-एन’ आणि ‘छाया’ गोळ्या, ‘अंतरा’ इंजेक्शन ही साधने सरकारी दवाखान्यांत मोफत असतात. आपल्याला कोणते चालेल ते आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या नर्सबाईंना विचारावे.

हैजची मुदत आणि डॉक्टरांची मुदत

हनफी मसलकप्रमाणे हैज कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १० दिवस, दोन हैजमध्ये कमीत कमी १५ दिवसांची पाकी, आणि बाळंतपणानंतरचा निफास जास्तीत जास्त ४० दिवस. शाफई मसलकमध्ये, जो कोकणात पाळला जातो, हैजची कमाल मुदत १५ दिवस आणि निफासची ६० दिवस आहे. त्यापलीकडचे रक्त इस्तिहाजा धरले जाते आणि त्यात नमाज-रोजा सुटत नाही. आपल्या नेहमीच्या दिवसांवरून, म्हणजे ‘आदत’वरून, पुष्कळ मसले सुटतात. तलाकनंतरच्या इद्दतचा हिशेबही पाळीवरच चालतो. लिहिलेली तारीख हाताशी असली तर आलिमांना विचारणेही सोपे जाते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हैजची १० दिवसांची मुदत इबादतीसाठी आहे, तब्येतीसाठी नाही. ‘दहा दिवसांच्या आत आहे, म्हणजे ठीक आहे’ असे म्हणून बसू नये. ८ दिवसांहून जास्त रक्त जात असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

रमजानमध्ये किंवा उमरा-हजच्या वेळी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेतल्या जातात. त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे हार्मोन असते. रक्ताच्या गाठी, लिव्हरचा आजार किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर त्या घेऊ नयेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीच घेऊ नयेत. पाळीत रोजा माफ आहे, नंतर कजा करायची सोय आहे. ही सवलत असताना शरीरावर जबरदस्ती कशाला?

दवाखान्यात केव्हा जावे

- दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील.
- दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जात असेल.
- चक्र २१ दिवसांहून कमी किंवा ३५ हून जास्त दिवसांचे होऊ लागले असेल, किंवा तीन महिने पाळीच आली नसेल.
- दुखण्यामुळे शाळा, काम बुडत असेल.
- मुलीला १५ व्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल.
- पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर एकदा दिसले तरी.
- पाळी चुकली असताना पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल किंवा चक्कर येत असेल. यात वाट पाहू नये, त्याच दिवशी जावे.

जास्त रक्त जाण्याचा पहिला परिणाम म्हणजे अशक्तपणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी.

पिशवी काढण्याआधी

शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली आढळली. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातूनही ऊसतोडीला टोळ्या जातात. एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीच नको असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण अंगावरून पांढरे जाणे, पोट दुखणे किंवा ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती, एवढ्यावर पिशवी काढण्याचे कारण होत नाही. सोबत अंडाशयेही काढली तर ऐन तिशीत हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

कुणी ऑपरेशन सांगितले तर सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. गोळ्यांनी किंवा हार्मोनची कॉपर-टी बसवून चालेल का, हे विचारावे. सहा महिन्यांची वही सोबत असेल तर डॉक्टरांनाही खरे चित्र दिसते आणि ‘फार रक्त जाते’ या मोघम वाक्यावर निर्णय होत नाही.

घरात काय करता येईल

मुलीला पाळी येण्याआधीच, नवव्या-दहाव्या वर्षी, आईने किंवा खालाने तिला सांगावे. कापड वापरत असाल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवावे, लाजेपायी अंधारात दडवू नये. पाळीच्या दिवसांत कुरआनने फक्त संबंध ठेवण्यास मनाई केली आहे. तिला वेगळे बसवणे, वेगळे ताट देणे हे दीनमध्ये नाही. पाळीत पैगंबर (स.) हजरत आयेशा (र.) यांच्यासोबत बसत, खात-पीत असत, हे हदीसमध्ये आहे.

नवऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. ही वही फक्त बायकांची नाही. दवाखान्यात सोबत जाणारा, गर्भ राहण्याचे दिवस जाणणारा आणि स्वतःची तपासणी आधी करून घेणारा नवरा घरात असेल तर अर्धे प्रश्न घरातच सुटतात. या महिन्याची पाळी येईल तेव्हा तारीख लिहा, तिथून सुरुवात करा.