नातू बंधूंची अटक

राज्यकर्त्यांवर प्रजेचा विश्वास किती, हे दरबारातील मानपत्रांवरून कळत नाही. एखाद्या माणसाला पकडल्यावर, त्याला का पकडले, हे सरकार सांगू शकते की नाही, यावरून ते बरेचसे कळते. १८९७ साली पुणे शहराला या गोष्टीचा कटू अनुभव आला.

१८९६ च्या अखेरीस मुंबईत शिरलेली प्लेगची साथ पुढील वर्षाच्या आरंभी पुण्यात पोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हिंदुस्थान सरकारने साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा संमत केला. त्याने अधिकाऱ्यांना अतिशय व्यापक अधिकार दिले आणि या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कृत्यांबद्दल त्यांच्यावर दावा लावण्यास बंदी घातली. पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरांची झडती घेण्याचे काम गोऱ्या सोल्जरांकडे सोपविले. रोग्यांना वेगळे ठेवणे आवश्यक आहे, हे लोकमान्य टिळकांसारख्या पुढाऱ्यांनाही मान्य होते. हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय काढण्याच्या कामी टिळकांनी स्वतः पुढाकार घेतला होता. लोकांचा रोष होता तो झडतीच्या रीतीवर. देवघरात आणि माजघरात बूट घालून शिरणारे सोल्जर, रस्त्यावर फेकलेले सामान, स्त्रियांची विटंबना, यांविषयी तक्रारींवर तक्रारी होत होत्या. त्यांची दाद मात्र कोठेच लागत नव्हती.

अशा तक्रारी करणाऱ्यांत सरदार बाळासाहेब नातू हे एक प्रमुख गृहस्थ होते. ते आणि त्यांचे बंधू तात्यासाहेब हे पुण्यातील वजनदार जहागीरदार. पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांना साहाय्य केलेल्या बाळाजीपंत नातूंचे हे घराणे. ज्या घराण्याने इंग्रजी राज्याच्या स्थापनेस हातभार लावला, त्याच घराण्यावर या राज्याचा सर्वांत अधिक संशय बसावा, हा दैवाचा विलक्षण खेळ होता.

२२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतत असता, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावले. रँड यांचे ३ जुलै रोजी निधन झाले. मारेकरी सापडत नव्हते. सरकारने वीस हजार रुपयांचे बक्षीस लावले आणि शहरावर जादा पोलिसांचा भुर्दंड बसविला. सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असा प्रश्न 'केसरी'ने याच सुमारास अग्रलेखाच्या मथळ्यातच विचारला.

जुलैच्या अखेरीस दोन अटका झाल्या आणि दोहोंचा मार्ग अगदी निराळा होता. २७ जुलै रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईत पकडण्यात आले. दुसऱ्या दिवशी नातू बंधूंना पकडण्यात आले, ते १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली. या जुन्या रेग्युलेशनप्रमाणे सरकारला आरोप ठेवण्याचे, पुरावा दाखविण्याचे अथवा न्यायाधीशापुढे उभे करण्याचे बंधन नव्हते. नातूंना तुरुंगात टाकले गेले, त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आली. कोणत्या कृत्याबद्दल, हे मात्र त्यांना कधीच सांगण्यात आले नाही.

टिळकांच्या खटल्यात न्याय झाला, असे कोणी म्हणणार नाही. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा कायद्याचा अर्थ ज्यूरीला सांगितला. नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघा हिंदी ज्यूरर्सनी निर्दोषी. १४ सप्टेंबर रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तरीही आरोप काय, पुरावा कोणता, न्यायाधीश काय म्हणाले, हे साऱ्या देशाला वाचता आले आणि त्या निकालावर टीका करता आली. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी टिळकांना जामीन दिला होता, हेही लोकांनी पाहिले. नातूंच्या बाबतीत टीका करावयासही काही हाती नव्हते.

या मौनाची खरी किंमत काय पडली, ते नामदार गोखल्यांच्या प्रकरणात दिसून आले. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेलेल्या गोखल्यांनी, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे तेथील वृत्तपत्रांत जाहीर केले होते. सरकारने पुरावा मागितला. गोखले परतले, ते नातूंच्या अटकेनंतर अवघ्या काही दिवसांत. ज्याने तक्रार करावी त्यालाच बेपत्ता करावे, असे चित्र डोळ्यांसमोर असताना, साक्ष देण्यास पुढे कोण येणार? गोखल्यांनी पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड केली नाहीत. आरोप सिद्ध करता न आल्यामुळे त्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्याबद्दल स्वजनांची निंदाही सोसली. सोल्जरांवरील आरोप खरे होते की खोटे, याचा निर्णय त्यामुळे कधीच लागला नाही. ते खोटे असते, तर निष्पक्ष चौकशीने सरकारचाच लाभ झाला असता. साक्षीदार गप्प झाले, तेव्हा सरकारने स्वतःच्या निर्दोषीपणाचा पुरावाही गमावला.

पुढे ऑक्टोबरात दामोदर चापेकर सापडले. त्यांच्यावर रीतसर खटला चालला आणि १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना येरवड्यास फाशी देण्यात आले. प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्याची बाजू कोर्टाने ऐकली. ज्यांच्यावर कसलाच आरोप नव्हता, त्यांची ऐकली नाही! सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक सुटून आले, तरी नातू बंधू अटकेतच होते. त्यांच्याविषयी पार्लमेंटातही प्रश्न विचारले गेले. अखेर १८९९ साली त्यांची सुटका झाली. आरोप तेव्हाही ठेवला गेला नाही.

याच जातीच्या १८१८ च्या बंगाली रेग्युलेशनचा प्रयोग १९०७ साली लाला लजपतराय यांच्यावर झाला. १९१९ च्या रौलट कायद्याने तीच वृत्ती नव्या रूपात आणली आणि सारा देश पेटून उठला. म्हणूनच, पकडलेल्या माणसास कारण कळविले पाहिजे, त्यास वकील मिळाला पाहिजे आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे, ही कलमे स्वतंत्र भारताच्या घटनेत बाविसाव्या अनुच्छेदात आली. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवादही आहे. तेथेही स्थानबद्धतेची कारणे कळविलीच पाहिजेत. परंतु सार्वजनिक हिताच्या नावाखाली काही तथ्ये रोखून ठेवण्याची मुभा सरकारला आहे. ही मुभा वापरणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने पुण्यातील नातू बंधूंचे प्रकरण एकदा तरी वाचावे. दोन माणसांना बंद करून त्या सरकारने शहर शांत केले होते; परंतु त्या शहराचा विश्वास त्याला पुन्हा कधी मिळाला नाही.