ऋणको आणि दास : अमेरिकेचे यादवी युद्ध व केळापूरचा कापूस

विनयपिटकातील महावग्गात प्रव्रज्येस अपात्र मानलेल्या व्यक्तींची प्रकरणे आली आहेत. त्यांत ‘इणायिक’ म्हणजे ऋणको आणि ‘दास’ हे एकापाठोपाठ येतात. दोन्ही कथांचा साचा एकच आहे. कर्जबाजारी मनुष्य प्रव्रजित होतो व धनको त्यास ओळखतात. दास पळून येऊन प्रव्रजित होतो व धनी त्यास ओळखतात. बिंबिसार राजाने भिक्खूंना अभय दिले असल्याने कोणास हात लावता येत नाही, लोक कुरकुरतात आणि नियम घालून दिला जातो. संघाने दास्यप्रथा मोडून काढली नाही, हे अभ्यासकाने आडपडदा न ठेवता मान्य केले पाहिजे. परंतु ऋण आणि दास्य यांतील नाते पालि वाङ्मयाने जितके स्वच्छ ओळखले, तितके पुढे अनेक शतके कायद्याला ओळखता आले नाही. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात पाच नीवरणांस ज्या पाच उपमा दिल्या आहेत, त्यांत पहिली ऋणाची व चौथी दास्याची आहे. अंगुत्तरनिकायात उपासकास वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत ‘सत्तवणिज्जा’ आहे आणि अट्ठकथेने तिचा अर्थ मनुष्यविक्रय असाच केला आहे. थेरीगाथेतील इसिदासी आपल्या एका पूर्वजन्माची हकीकत सांगते. त्या जन्मी ती कर्जात बुडालेल्या गाडीवानाची मुलगी होती आणि साचलेल्या व्याजापोटी एका सार्थवाहाने तिला ओढून नेले.

विदर्भातून शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांना हा भाग शिकविताना माझा एक अनुभव आहे. पांढरकवड्याकडील एका विद्यार्थ्यास ‘इणायिक’ शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही. त्याचे वडील सालदार होते.

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवरचे हे गाव आहे. तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा, रानात गोंड व कोलामांची वस्ती, सखल भागात काळी जमीन. या भूमीचा अमेरिकेतील गुलामांशी संबंध काय, असा प्रश्न वाचकास पडेल. तो संबंध कापसाचा आहे.

१८६० च्या खानेसुमारीनुसार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे ३९॥ लक्ष गुलाम होते. १७९३ साली एली व्हिटनेने सरकी काढण्याचे यंत्र तयार केल्यापासून दक्षिणेकडील संस्थाने कापसाच्या एका पिकावर उभी राहिली. उत्तरेत कारखाने, बँका व लोहमार्ग वाढले. एकाच राष्ट्रात दोन अर्थव्यवस्था नांदत होत्या आणि त्यांच्यात जकातीपासून नव्या प्रदेशांच्या मालकीपर्यंत वाद होते. पण प्रत्येक वाद अखेर गुलामगिरीपाशीच येऊन थांबे. एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश त्या बंदरांतून येत असे, म्हणून लँकेशायरमधील गिरण्या बंद पडू लागल्या आणि लिव्हरपूलचा भाव तिपटी-चौपटीने चढला. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने बंडखोर संस्थानांतील गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी सर्वत्र संपविली.

इंग्रज व्यापाऱ्यांची नजर याच काळात वऱ्हाडाकडे वळली. हा प्रांत निजामाने १८५३ च्या तहाने कंपनीच्या हवाली केला होता. पूर्वी येथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरपर्यंत जाई व त्या वाहतुकीवर बंजाऱ्यांचे तांडे जगत. आता तो मुंबईकडे वळला. १८६७ साली भुसावळ–नागपूर लोहमार्ग पुरा झाला, १८७० साली खामगावची शाखा उघडली. मात्र हे सारे वैभव पयानघाटाचे, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्याचे. केळापूर पडले बालाघाटात, तत्कालीन वणी जिल्ह्यात. येथून आगगाडी दूर होती. जवळची मोठी पेठ वर्धा नदीपलीकडील हिंगणघाटची. अमेरिकेत उत्तर व दक्षिण होती, तसे वऱ्हाडातही, लहान प्रमाणावर का होईना, दोन प्रदेश होते.

वणी जिल्ह्यात ओसाड गावेच्या गावे इजाऱ्याने देण्यात आली. यवतमाळ जिल्ह्यातील कित्येक गावांच्या नावांमागे अद्याप ‘इजारा’ हा शब्द चिकटलेला आहे. मुंबईच्या धर्तीवर रयतवारी आल्याने शेतकऱ्यास जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. हा हक्क खरोखर मोलाचा होता, यात शंका नाही. पण जी गोष्ट विकता येते तिच्यावर कर्जही मिळते, आणि सावकाराने ते आनंदाने दिले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले व मुंबईचा शेअरबाजार बुडाला. वऱ्हाडातील कापसाचा पेरा मात्र मागे हटला नाही. बाहेर जाणाऱ्या कापसामुळे आणि आत येणाऱ्या विलायती कापडामुळे कोष्टी व जाडेभरडे कापड विणणारे महार यांचे माग थांबले. त्यांतील पुष्कळांना मजुरीवाचून गत्यंतर उरले नाही. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत सर्वाधिक हाल याच वर्गाचे झाले.

तिकडे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे काय झाले? जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. हे लोक वाट्याने शेती करू लागले. बियाणे व धान्य दुकानदाराकडून उधार, तारण म्हणून येणारे पीक. हंगामाच्या शेवटी हिशेब होई, आणि वही लिहिणारा दुसराच असे. केळापूरच्या सालदारास हे चित्र अनोळखी वाटले नसते. पाडव्याला साल ठरते, आधी उचल घेतली जाते, आजारपणाचे खाडे कापले जातात आणि पुढच्या पाडव्याला बाकी निघते. मात्र दोन्ही स्थिती एकच होत्या असे मी म्हणत नाही. सालदाराची मुलेबाळे बाजारात विकली जात नव्हती, आणि हा भेद क्षुल्लक नाही.

भारतात १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखात दास्याची कायदेशीर मान्यता काढून घेतली. त्या वेळी केळापूर निजामाकडे होते. पेशवाईत कुणबिणी व बटकी यांची उघड खरेदी-विक्री चाले, म्हणून हा कायदा निरर्थक होता असे कोणी म्हणू नये. पण त्याची दृष्टी विकत घेतलेल्या माणसावर होती, कर्जाने बांधलेल्यावर नव्हती. १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांनंतर १८७९ साली कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, तोही पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांपुरता. वऱ्हाड त्याबाहेर राहिले.

या काळात दोन्ही गोष्टी एकत्र पाहणारा पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त केल्याबद्दल, अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. त्यानंतर दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्यांनी कर्ज, अज्ञान व नोकरशाही यांचा हिशेब मांडला. या दोन ग्रंथांकडे सहसा वेगवेगळे पाहिले जाते, ते मला योग्य वाटत नाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गुलाम व अस्पृश्य यांची तुलना करताना दाखवून दिले की, गुलाम ही धन्याची मालमत्ता असल्याने त्याला जगविण्यात धन्याचा स्वार्थ तरी असे. अस्पृश्याच्या जगण्याशी कोणाचाही तसा स्वार्थ बांधलेला नव्हता.

संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध ठरविली. १९७६ साली वेठबिगार पद्धती रद्द करणारा कायदा झाला. त्यातील व्याख्येत घेतलेली उचल आणि तिच्यापोटी द्यावी लागणारी सेवा यांचा एकत्र निर्देश आहे. म्हणजे महावग्गाने शेजारी ठेवलेले इणायिक आणि दास कायद्याच्या एका व्याख्येत यायला १८४३ पासून १३३ वर्षे लागली. त्यानंतर तीस वर्षांनी, जुलै २००६ मध्ये, आत्महत्याग्रस्त ठरलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. यवतमाळ त्या सहांत होते. थकलेल्या कर्जावरील व्याजाची माफी हा तीतील एक मुख्य भाग होता. ती माफी बँकांच्या खात्यांवरील होती, आणि सालदाराची उचल कोणत्याही बँकेच्या खात्यात लिहिलेली नसते.