टोगो, टग्या आणि अजिंक्यतारा

खूप दिवसांत काही लिहिलं नाही, म्हणून परवा पुण्याहून नणंदबाईंचा फोन आला. "वहिनी, तब्येत बरी आहे ना?" मंडळी, तब्येत ठणठणीत आहे. उलट या हिवाळ्यात मी जेवढी चालले तेवढी गेल्या दहा वर्षांत चालले नसेन. त्याला कारण आमच्या घरी आलेला चार पायांचा नवा पाहुणा.

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला आणि एसटी स्टँडजवळच्या गटारातून एक पिल्लू उचलून घेऊन आला. अस्सल गावठी. काळं-तपकिरी, पोट टम्म, कान एक उभा नि एक पडलेला. नाव ठेवलं टोगो. मी म्हटलं, "अरे, तो आफ्रिकेतला देश ना?" तर म्हणे, "आजी, तू इतिहास शिकवलास ना? टोगो माहीत नाही?" आणि लॅपटॉपवर २०१९ साली आलेला एक सिनेमा दाखवला. सुट्टी संपली, स्वारी हॉस्टेलवर परत. पिल्लू माझ्या पदरात.

सिनेमा म्हटलं की मीठमसाला आलाच. म्हणून मी आपली शिक्षकी खोड काढली आणि खरं काय ते वाचत बसले. पहिलाच आनंदाचा धक्का नावात होता. १९०५ साली त्सुशिमाच्या लढाईत रशियाचं आरमार बुडवणारा जपानचा अ‍ॅडमिरल टोगो! आशियातल्या छोट्या देशानं युरोपातल्या महासत्तेला हरवलं, त्यामुळे हिंदुस्थानातल्या राष्ट्रीय चळवळीला हुरूप आला, हा धडा मी तीस वर्षं शिकवला. त्याच टोगोचं नाव पुढे अलास्कातल्या एका कुत्र्याला मिळालं, आणि त्याचं आमच्या साताऱ्यातल्या पिल्लाला. इतिहास कुठून कसा फिरून येईल, सांगता येत नाही. आमच्या कामवाल्या मावशींना मात्र तो उच्चार जमेना. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं ‘टग्या’ केलं, आणि खरं सांगायचं तर तेच नाव त्याला जास्त शोभतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचं नाही. तोवर टग्यानं सूनबाईंची नवी चप्पल, माझ्या चष्म्याचं घर आणि वृंदावनातली तुळस यांचा निकाल लावला. मुलगा म्हणाला, "आई, या वयात तुला हे झेपायचं नाही. कोरेगावकडे ओळखीच्यांचं शेत आहे, त्यांना राखणीला कुत्रं हवंच आहे. संक्रांतीपर्यंत बघू, मग देऊन टाकू." मी काही बोलले नाही. त्याचं तरी काय चुकलं?

डिसेंबरच्या मध्यावर इंजेक्शनं झाली आणि आम्ही दोघं पहाटे अजिंक्यताऱ्याकडे निघालो. पहिल्या दिवशी पहिल्या वळणापर्यंतच. पिल्लाची हाडं कोवळी असतात, फार चालवायचं नसतं. बसला की शालीत गुंडाळून कडेवर घ्यायचा. साताऱ्याची थंडी ती काय, दहा-बारा अंश! पण पहाटे खाली शहरावर धुकं पसरलेलं असतं, गवत दवानं भिजलेलं असतं, आणि टग्या ते दव चाटत, शिंकत, स्वतःच्याच शेपटीला घाबरत चढत असतो. आठवड्याला एक वळण वाढवत गेलो.

घरी येऊन चहा घ्यायचा आणि त्या दुसऱ्या टोगोबद्दल वाचायचं, असा नेम झाला.

तो जन्मला १९१३ साली, अलास्कात. मालक लिओनार्ड सेप्पाला, मूळचा नॉर्वेचा, स्लेजगाडीच्या शर्यतींत नाव काढलेला. बर्फावरून गाडी ओढणारे सायबेरियन कुत्रे त्याच्याकडे होते. टोगो पिल्लू असतानाच आजारी पडला. घशाला सूज आली. सेप्पालाची बायको कॉन्स्टन्स हिनं घसा शेकून शेकून त्याला जगवलं. जगला तो असा वांड निघाला की विचारू नका. कुत्र्यांना गाडीला जुंपायला घेतलं की हा मध्ये मध्ये लुडबुडायचा, मोठ्या कुत्र्यांचे कान चावायचा. अंगानंही लहान. सेप्पालाला वाटलं, याचा काही उपयोग नाही. सहा महिन्यांचा असताना त्यानं तो देऊन टाकला, घरात पाळायला.

नव्या घरात लाड होते, ऊब होती. पण टोगोनं खिडकीची काच फोडून बाहेर उडी मारली आणि कित्येक मैल पळत मूळ घरी हजर झाला. सेप्पालानं ठेवून घेतला, पण कामाला नव्हे. गाडी घेऊन बाहेर पडताना तो टोगोला कोंडून जायचा. टोगो कुंपणातून निसटायचा, माग काढत गाडी गाठायचा आणि पुढे-मागे नुसता धुडगूस घालायचा. एकदा दुसऱ्या गाडीच्या आडदांड कुत्र्यांच्या अंगावर गेला आणि रक्तबंबाळ होऊन आला. तरी खोड गेली नाही.

आठ महिन्यांचा असताना एकदा असाच मागोमाग आला. परत पोचवायला वेळ नव्हता. वैतागून सेप्पालानं त्याच्या गळ्यात पट्टा चढवला आणि त्याला गाडीला जुंपलं. जुंपल्याबरोबर टोगो शांत झाला! मान खाली, पट्टा ताणलेला, नजर समोर. दिवस संपेपर्यंत त्याला पुढे सरकवत सरकवत आघाडीच्या कुत्र्याच्या जोडीला आणलं होतं. त्या पहिल्या दिवशी तो सुमारे १२० किलोमीटर धावला. इतके महिने तो त्रास देत नव्हता, काम मागत होता.

हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते. का, ते पुढे सांगते.

आता १९२५ सालची गोष्ट. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर नोम नावाचं गाव, जेमतेम दीड हजार वस्तीचं. हिवाळ्यात समुद्र गोठला की जहाजं बंद. जानेवारीत तिथे घटसर्पाची साथ आली. आजच्या आयांना हे नावही माहीत नसेल. लहान मुलाच्या घशात पापुद्रा धरतो, श्वास कोंडतो. माझी एक आत्या चार वर्षांची असताना घटसर्पानं गेली. आजी तिचं नाव घेताना स्वतःच्या गळ्याला हात लावायची, तो हात मला अजून दिसतो. पुढे आपल्याकडे त्रिगुणी लस आली, १९७८ पासून सरकारी लसीकरणात ती गावोगाव पोचू लागली, आणि ते नाव हळूहळू घरांतून नाहीसं झालं. नोममध्ये तेव्हा उपाय एकच होता, घोड्याच्या रक्तापासून बनवलेली प्रतिविषाची लस. गावातले एकमेव डॉक्टर कर्टिस वेल्च यांच्याजवळ होती ती मुदत संपलेली, आणि नवी मागवलेली बंदर गोठायच्या आत पोचलीच नव्हती. २२ जानेवारीला त्यांनी मदतीच्या तारा केल्या. अँकरेज इथल्या रेल्वेच्या दवाखान्यात ३ लाख युनिट लस सापडली. तिथून निनानापर्यंत रेल्वे होती. पुढे नोमपर्यंत १,०८५ किलोमीटर नुसता बर्फ. उघड्या विमानांचा त्या थंडीत भरवसा नव्हता. टपालाला हेच अंतर कापायला एरवी पंचवीस दिवस लागत.

तेव्हा वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्री टप्प्याटप्प्यानं कामाला लागली. २७ जानेवारीच्या रात्री लस निनानाहून निघाली. तापमान शून्याखाली चाळीस-पंचेचाळीस अंश. गाडीवानांतले बरेचसे अलास्काचे मूळ रहिवासी होते. त्यांची नावं त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी फारशी छापली नाहीत.

सेप्पाला नोमहून उलट्या दिशेनं लस आणायला निघाला. त्याची एकुलती एक मुलगी नोममध्येच होती. आघाडीला टोगो, आता बारा वर्षांचा. कुत्र्याच्या हिशेबानं म्हातारा, माझ्यासारखा! सेप्पालाची समजूत होती की अजून बरंच लांब जायचंय. मधल्या काळात साथ वाढली म्हणून टप्पे वाढवले होते, हे त्याला कळवणारं कोणी नव्हतं. शाक्तूलिक गावाजवळ दुसऱ्या गाडीवानानं जिवाच्या आकांतानं ओरडून त्याला थांबवलं, नाही तर चुकामूकच व्हायची. लस घेऊन तो तिथूनच वळला. समोर नॉर्टनचं आखात, म्हणजे गोठलेला समुद्र. वारा सुटला की तो बर्फ तुटून, वरच्या माणसा-कुत्र्यांसकट, खोल पाण्याकडे वाहून जाऊ शकतो. वळसा घातला तर दिवस मोडणार. सेप्पालानं अंधारात, वादळात ते आखात ओलांडलं. त्याला काही दिसत नव्हतं, वाट टोगो शोधत होता. जाता-येता मिळून टोगोच्या गाडीनं सुमारे ४२० किलोमीटर कापले, त्यातले १४६ लस घेऊन. दुसऱ्या कोणाचाही टप्पा याच्या जवळपास नव्हता. आणि योगायोग बघा. ज्या पिल्लाचा घसा एका बाईनं शेकून वाचवला, त्यानं म्हातारपणी मुलांच्या घशाचं औषध वाहून आणलं.

शेवटचे सुमारे ८५ किलोमीटर गुन्नार कासेननं नेले. त्याच्या आघाडीला होता बाल्टो, तोही सेप्पालाच्याच तबेल्यातला. २ फेब्रुवारीला पहाटे साडेपाचला लस नोममध्ये पोचली. साहजिकच फोटो बाल्टोचे, मथळे बाल्टोचे. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पुतळा उभा राहिला, तोही बाल्टोचा. बाल्टोला मी कमी लेखत नाही हं! तोही रात्री वादळातून धावला. शिवाय पुढे त्याचे हालच झाले. त्याला नि त्याच्या सोबत्यांना तमाशासारख्या खेळात दाखवत होते, तेव्हा १९२७ साली क्लीव्हलँड गावातल्या लोकांनी, शाळकरी पोरांनीसुद्धा, पै-पैसा जमवून त्यांना सोडवलं. पण सेप्पालाला आयुष्यभर सल राहिला की, मोठा टप्पा धावलेल्याचं नाव मागे राहिलं.

टोगोला काय त्याचं? मोहिमेहून परतताना म्हणे तो एका साथीदाराबरोबर पट्टा सोडवून रेनडिअरच्या कळपामागे पळाला. बाराव्या वर्षीसुद्धा! ५ डिसेंबर १९२९ रोजी, सोळा वर्षांचा होऊन तो गेला.

आता माझी गोष्ट. साधारण १९८४-८५ मधली. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. शाळेच्या खिडक्यांना गज नव्हते. मी फळ्याकडे वळले की हा खिडकीतून बाहेर. तासाभरानं परत यायचा, खिसे बोरांनी भरलेले. त्या हिवाळ्यात आम्ही बामणोलीहून होडीनं वासोट्याला सहल नेली होती. उतरताना वाट चुकलो. सूर्य कलला, मुली रडायला लागल्या, माझ्याही पोटात गोळा आला. तो मुलगा न विचारता पुढे गेला, ओढा शोधून आला आणि सगळ्यांना धरून खाली होडीपर्यंत घेऊन गेला. शाळेत आल्यावर शाबासकी मिळाली ती हजेरी नीट घेणाऱ्या वर्गप्रमुखाला. आणि मी? मी त्या मुलाला रागावले. विचारल्याशिवाय रांग सोडली म्हणून.

वार्षिक प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, "अभ्यासात अजिबात लक्ष नाही. वर्गाला त्रास देतो." वडील बाजार समितीत हमाल होते. भेटायला आले, हात जोडून सगळं ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात मुलाचं नाव शाळेतून काढलं. "बाईच म्हणतात तर शिकून काय करायचा," असं ते म्हणाल्याचं शिपायानं मला सांगितलं. पुढे तो मुलगा मला कधी दिसला नाही. चांगलं झालं असेल त्याचं, असं मी म्हणते. पण ते मी स्वतःला सांगते. त्याला काम हवं होतं, आणि मी त्याला सबंध वर्ष बाकावर बसवून ठेवलं.

संक्रांतीला तिळगूळ देताना मुलानं विषय काढला. "आई, शेतावर कधी सोडायचं?" मी म्हटलं, "एकदा माझ्याबरोबर पहाटे चल. मग ठरव." दुसऱ्या दिवशी तिघं निघालो. त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही थेट मंगळाईच्या देवळापर्यंत गेलो. टग्या सगळ्यात पुढे. पण प्रत्येक वळणावर थांबायचा, मागे वळून बघायचा, मी दिसले की पुन्हा पुढे. मुलगा गप्प चालत होता. देवळापाशी बसून पाणी पिताना म्हणाला, "हा घरात असतो तो कुत्रा नव्हेच, आई." परतीच्या वाटेवर शेताचा विषय निघाला नाही. आता रविवारी तोच आम्हाला घेऊन जातो.

सातारकरांना ठाऊकच आहे, संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. थंडी संपायच्या आत टग्याला तिथे न्यायचं ठरवलंय. नदीकाठ आहे, त्याला धावायला मोकळं.

असो. लिहिता लिहिता उजाडायला आलं. दाराशी नखं वाजतायत. पट्टा त्यानं स्वतःच तोंडात धरून आणलाय. निघते.