मणक्यांमधील चकतीचे पोषण: वैद्यकीय प्रतिमा आणि गणिती प्रारूपे यांचा इतिहास

प्रस्तावना

मानवी शरीरात रक्तवाहिन्या नसलेल्या ज्या रचना आहेत, त्यांत पाठीच्या मणक्यांमधील चकती ही सर्वांत मोठी होय. सामान्य माणूस तिला ‘मणक्यातील गादी’ म्हणतो. तिच्या मध्यभागी भरपूर पाणी धरून ठेवणारा मऊ गाभा असतो, त्याभोवती तंतूंचे बळकट वलय असते आणि वर व खाली, हाडाला लागून, कूर्चेचा पातळ थर असतो. या थराला अंत्यपट्टिका म्हणतात. प्रौढ व्यक्तीच्या कमरेतील चकतीच्या गाभ्यातील काही पेशी जवळच्या रक्तवाहिनीपासून ७ ते ८ मिलिमीटर अंतरावर असतात. पेशींच्या मापाने हे अंतर फार मोठे आहे. एवढ्या दूर अन्न कसे पोहोचते आणि ते पोहोचेनासे झाल्यामुळेच चकती झिजते काय, हे प्रश्न गेल्या अर्धशतकात वैद्यक, भौतिकशास्त्र आणि गणित या तिन्ही शास्त्रांनी हाताळले. प्रस्तुत लेखात या शोधाच्या वाटचालीचा आढावा घेतला असून, प्रतिमा आणि प्रारूप यांपैकी कोणतेही एकटे या प्रश्नाचे उत्तर देऊ शकले नाही, असे प्रतिपादन केले आहे.

यांत्रिक दृष्टीचा काळ

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ ह्युबर्ट फॉन लुश्का यांनी १८५८ मध्ये चकतीच्या रचनेचे तपशीलवार वर्णन केले. १८९५ मध्ये विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाचा कणा पाहता येऊ लागला. तथापि क्ष-किरणांच्या चित्रात मणके दिसत, चकती दिसत नसे. दोन मणक्यांमधील मोकळी जागा एवढेच तिचे अस्तित्व होते. पुढे ड्रेस्डेन येथील विकृतिशास्त्रज्ञ क्रिश्चन गेओर्ग श्मोर्ल यांनी हजारो मृतदेहांच्या कण्यांचा अभ्यास करून अंत्यपट्टिकेला पडणारी भगदाडे दाखवून दिली. १९३४ मध्ये बॉस्टनच्या विल्यम मिक्सटर व जोसेफ बार यांनी फाटलेल्या चकतीचा मज्जातंतूंवर दाब पडून पाय दुखतो, हे शस्त्रक्रियेच्या अनुभवावरून मांडले. या संशोधनाचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की, चकती म्हणजे दाबाखाली फुटणारा एक यांत्रिक भाग, ही धारणा वैद्यकात दृढ झाली. ती जिवंत ऊती असून तिलाही भूक असते, ही जाणीव मागे पडली.

पोषणाचा प्रश्न

ही जाणीव पुन्हा पुढे आणण्यात स्वीडनमधील गोथेनबर्गचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेम्सन यांचा वाटा मोठा आहे. १९७० मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराबाहेर काढलेल्या मानवी चकत्यांमध्ये रंगद्रव्य कसे झिरपते, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७५ मध्ये ॲलिस मारुदास, जिल अर्बन आणि नाकेम्सन प्रभृतींनी पेशींची संख्या मोजून ग्लुकोजच्या विसरणाशी तिचा संबंध जोडला. गाभ्यातील पेशी बाह्य वलयातील पेशींपेक्षा विरळ असतात, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. १९७७ मध्ये याच परंपरेतील, जिवंत कुत्र्यांवरील प्रयोगांतून असे दिसून आले की, ग्लुकोज व ऑक्सिजनसारखे लहान रेणू मुख्यत्वे विसरणानेच आत जातात. हालचालीमुळे चकती दाबली जाऊन होणाऱ्या द्रवाच्या ये-जा करण्याचा त्यांच्यावर फारसा प्रभाव नसतो.

येथून एक आकर्षक सिद्धांत उदयास आला. वयोमानानुसार अंत्यपट्टिका कठीण होते, तिच्यात चुना साठतो, वाट बंद होते आणि पेशी उपासमारीने मरतात. सिद्धांत तर्कसंगत होता; पण तो जिवंत माणसात तपासण्याचे साधन तेव्हा नव्हते.

चुंबकीय प्रतिमांचे आगमन

पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनातून प्रतिमा मिळवण्याची रीत मांडली. या तंत्रासाठी त्यांना व पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एम.आर.आय.मुळे चकती प्रथमच तिच्या पाण्यासह दिसू लागली. पाणीदार गाभा उजळ दिसतो, झिजलेला काळवंडतो. २००१ मध्ये फिरमन व सहकाऱ्यांनी याच आधारे झिजेच्या पाच पायऱ्या निश्चित केल्या. परंतु काळी दिसणारी चकती दुखतेच असे नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींपैकी केवळ ३६ टक्के व्यक्तींच्या सर्व चकत्या निर्दोष आढळल्या. चित्र झिजेचे होते, कारणाचे नव्हते.

कारणाकडे जाण्याचा मार्ग गॅडोलिनियमयुक्त औषधाने दाखवला. हे औषध शिरेतून दिले की ते रक्तातून मणक्यात व तेथून सावकाश चकतीत उतरते. या क्षेत्रात भारतीय योगदान लक्षणीय आहे. कोइम्बतूर येथील गंगा हॉस्पिटलचे डॉ. एस. राजशेखरन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात औषध दिल्यानंतर २४ तासांपर्यंत पुनःपुन्हा एम.आर.आय. काढून विसरणाचा प्रवास टिपला. मणक्याच्या हाडात औषध काही मिनिटांतच पोहोचले, पण गाभ्यात ते शिगेला पोहोचण्यास काही तास लागले. अंत्यपट्टिका हाच विसरणाचा नियंत्रक दरवाजा आहे, हे जिवंत माणसात दिसले. त्याच वेळी अंत्यपट्टिकेला इजा झाली की विसरणाचे स्वरूपच बदलते, हेही स्पष्ट झाले. दरवाजा केवळ बंद होत नाही, तो मोडतोही. मोडक्या दरवाजातून औषध अधिक वेगाने आत शिरू शकते. ‘वाट बंद, म्हणून उपासमार’ हे सरळ समीकरण त्यामुळे अपुरे ठरले.

प्रतिमेची मर्यादा आणि गणिताची साथ

येथे एक मूलभूत अडचण लक्षात घ्यावी लागते. गॅडोलिनियमचे औषध म्हणजे ग्लुकोज नव्हे. त्याचा रेणू ग्लुकोजच्या रेणूपेक्षा सुमारे तिप्पट जड असतो. पेशी ते खात नाहीत. शिवाय ऋणभारित औषधाला चकतीतील ऋणभारित प्रथिनशर्करा अडवतात, म्हणून औषधाच्या प्रकारानुसारही चित्र बदलते. थोडक्यात, प्रतिमा रस्ता दाखवते. त्या रस्त्याने आलेले धान्य कोणी किती खाल्ले, हे सांगत नाही.

हा उपभोग सांगण्याचे काम गणिती प्रारूपांनी केले. त्यासाठी आधी पेशींची गरज कळणे आवश्यक होते. २००१ मध्ये हॉर्नर व अर्बन यांनी दाखवले की, गाभ्यातील पेशी ऑक्सिजनविना बराच काळ तग धरतात, पण ग्लुकोजविना मरतात. ऑक्सिजनचा वापर कमी असल्याने या पेशी ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. ते बाहेर पडले नाही तर सामू घसरतो आणि आम्लता पेशींना मारक ठरते. २००३ मध्ये सेलार, शिराझी-आदल व अर्बन यांनी चकतीचे असंख्य लहान घटकांत विभाजन करून प्रत्येक घटकातील पोषकद्रव्यांचे प्रमाण संगणकावर काढले. पुढील काळात ऑक्सिजन, ग्लुकोज व लॅक्टिक आम्ल यांचे परस्परावलंबनही प्रारूपात आले. २०१२ मध्ये मायामी विद्यापीठातील वेइयोंग गू यांच्या गटाने पेशींचे जगणे-मरणे हाच गणिताचा विषय केला.

या प्रारूपांतून एक अनपेक्षित बाब पुढे आली. झिजलेली चकती खचून पातळ होते, त्यामुळे अन्नाला कमी अंतर कापावे लागते. पेशीही कमी झाल्याने खाणारी तोंडे घटतात. म्हणजे झीज ही काही अंशी तुटवड्याशी झालेली तडजोडही असू शकते.

आजचा पेच

मात्र प्रारूपाला चकतीची उंची, आकार, पाण्याचे प्रमाण आणि अंत्यपट्टिकेची पारगम्यता पुरवावी लागते. ‘सरासरी’ चकतीवरून काढलेले उत्तर एखाद्या विशिष्ट रुग्णाला लागू पडेलच असे नाही. म्हणून रुग्णाच्या स्वतःच्या एम.आर.आय.वरून प्रारूप रचण्याकडे संशोधनाचा कल वळला. दरम्यान गॅडोलिनियमवरील विश्वासाला तडा गेला. २००६ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांतील एका गंभीर त्वचाविकाराशी त्याचा संबंध दिसून आला आणि २०१७ मध्ये युरोपात गॅडोडायमाइडसह काही औषधांचा शिरेतून होणारा वापर स्थगित झाला. परिणामी, औषधाविना पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या आणि अंत्यपट्टिकेसारख्या क्षणात विझणारा संकेत देणाऱ्या थराचीही प्रतिमा मिळवणाऱ्या पद्धतींना महत्त्व आले.

हा प्रश्न केवळ अभ्यासिकेतील नाही. झिजलेल्या चकतीत नव्या पेशी टोचण्याचे उपचार जगभर तपासले जात आहेत. पण नव्या पेशी म्हणजे नवी तोंडे. पुरवठा मुळात अपुरा असलेल्या चकतीत त्या सोडल्या, तर नव्यांसह जुन्या पेशीही उपाशी पडण्याची भीती आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवल्याप्रमाणे, किती पेशी जगू शकतील याची मर्यादा अंत्यपट्टिकेची पारगम्यता ठरवते. उपचारापूर्वी ही मर्यादा प्रतिमा व प्रारूप यांच्या संयोगातून जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, चकतीविषयीच्या आकलनाचा इतिहास हा नव्या यंत्रांनी जुनी यंत्रे बाजूला सारल्याचा इतिहास नाही. प्रत्येक साधनाने आधीच्या साधनाचा आंधळा कोपरा उघड केला. क्ष-किरणांनी हाड दाखवले, एम.आर.आय.ने पाणी दाखवले, गॅडोलिनियमने वाट दाखवली आणि गणिताने भूक मोजली. मात्र गणिताचे उत्तर जिवंत रुग्णाच्या चकतीत प्रत्यक्ष मोजून पडताळणे अद्याप कठीण आहे, कारण त्यासाठी सुई खुपसावी लागते आणि सुईने चकतीलाच इजा पोहोचते. ही पडताळणी इजेविना करता येईल, तेव्हाच कोणत्या रुग्णाची चकती नव्या पेशींना पोसू शकेल, हे वैद्याला उपचारापूर्वी खात्रीने सांगता येईल.