मोगलाई : आपला जुना पत्ता

मंडळी, “ही काय मोगलाई लागून गेली का?” हे वाक्य आपण पालमच्या बाजारात ऐकतो, एसटीत जागेवरून भांडण झालं की ऐकतो. अर्थ सरळ आहे. धरबंद नाही, कुणीही उठावं आणि काहीही करावं. पण गंमत बघा, आपल्या पणजोबांचा पत्ताच मुळी मोगलाई होता! पुण्या-नगरकडून पाहिलं तर हा सगळा मुलूख ‘मोगलाई’च. म्हणून आज हा शब्द जरा उकलून पाहू.

‘मोगल’ म्हणजे मुळात मंगोल. फारसीत त्याचा ‘मुघल’ झाला. पेशव्यांची पेशवाई, तशी मोगलांची मोगलाई. पण दिल्लीचे बादशहा अभिमान सांगत तो तैमूरच्या वंशाचा. आपल्या घराण्याला ते ‘गुरकानी’ म्हणवत. म्हणजे हे नाव पहिल्यापासूनच दुसऱ्यांनी ठेवलेलं.

मग ते निजामाला कसं चिकटलं? निजाम-उल-मुल्क हा दख्खनचा मोगल सुभेदार. १७२४ साली साखरखेर्ड्याला त्यानं मुबारिजखानाला हरवलं आणि तो जवळजवळ स्वतंत्र झाला. तरी हैदराबादची नाणी १८५७ पर्यंत दिल्लीच्या बादशहाच्या नावानंच पडत होती. मराठी कागदपत्रांतही निजाम ‘मोगल’ आणि त्याचा मुलूख ‘मोगलाई’.

आणखी एक अर्थ आज आपण विसरलो आहोत. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करायचा हक्क मराठ्यांना मिळाला. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. अशा दुअमली गावांच्या हिशेबात मराठ्यांचा वाटा वेगळा लिहायचा आणि उरलेला तो ‘मोगलाई अमल’. म्हणजे इथं मोगलाई हा अंदाधुंदीचा नाही, पक्क्या हिशेबाचा शब्द आहे! कुणब्याच्या दारात मात्र दोन सरकारांची माणसं. एकाला दिलं, की दुसरा उभा. दाद कुणाकडे मागायची? आम्हाला वाटतं, अंदाधुंदीचा अर्थ रुजायला ही जमीन चांगलीच तयार होती.

निजामी राजवटीची बाजू घ्यायचं आपल्याला काही कारण नाही. रझाकारांचा जुलूम आपल्या गावांनी सोसला, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहिली, लढाही दिला. पण शब्दाचा न्याय उफराटा असतो. राज्य गेलं, आणि डाग राहिला तो रयतेच्या पत्त्यावर. जुलूम ज्यांनी सोसला, त्यांच्याच मुलखाचं नाव बेबंदशाहीला पडलं.

शहरातल्या हॉटेलांत आज ‘मोगलाई’ म्हणजे तुपा-मसाल्याचं शाही जेवण. तिथं शब्दाला मान आणि किंमतही चढी! आपल्याकडे तो अजून भांडणातच राहिला.

तेव्हा घरी गेल्यावर एखादा जुना खरेदीखताचा कागद, वतनाचा कागद निघाला तर तो रद्दीत घालू नका. त्यात ‘मोगलाई’ हा शब्द दिसला, तर आधी विचारा : हे कुणी लिहिलंय, आणि कुठं बसून?