सेंट जोसेफ चर्च, वसई किल्ला

पोर्तुगीजकालीन वसई शहराचे मुख्य चर्च. आज भग्न अवस्थेत. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या टापूतून येणारे उल्हास नदीचे पाणी जिथे वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळते, त्या मुखावरच्या वसई किल्ल्यात हे चर्च आहे. लोक याला ‘कॅथेड्रल’ म्हणतात. कॅथेड्रल म्हणजे बिशपचे चर्च; पोर्तुगीज काळात मात्र वसईला बिशप नव्हता. हे शहराचे प्रमुख धर्मग्राम-चर्च होते.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी, 1546 मध्ये, या चर्चची उभारणी सुरू झाली. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिश यांच्या कारकिर्दीत 1601 मध्ये ते नव्याने बांधले गेले. या कामात झटलेले धर्मगुरू पेद्रो गाल्वांव 19 मार्च 1618 रोजी, म्हणजे संत जोसेफच्या सणादिवशीच, गोव्यात वारले. त्यांच्या अस्थी येथे आणून पुरल्याचे दफनशिळेवर कोरले आहे. चर्चमधील सर्वांत बोलका दस्तऐवज हाच, आणि दुर्दैवाने बहुतेक पर्यटक त्याकडे न बघताच पुढे जातात.

वसईच्या घडीव दगडाची ख्याती मोठी होती. गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकासाठीही तो नेला गेला. सेंट जोसेफचे छप्पर गेले तरी दर्शनी भिंत, कमानी आणि उंच घंटाघर टिकले, याचे श्रेय या दगडाला आणि तो घडवणाऱ्या पाथरवटांना द्यायला हवे.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज कुटुंबे गलबतांतून निघून गेली. वसईच्या चर्चमधील घंटा मराठ्यांनी देवळांना अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील 1721 सालची आणि वाईजवळच्या मेणवलीतील 1707 सालची या त्यांपैकी प्रसिद्ध. पुढे शहरच ओस पडले. ज्यांच्यासाठी चर्च बांधले ते रहिवासीच उरले नाहीत, मग निगा कोण राखणार? या वास्तूच्या पडझडीचे मूळ तोफांपेक्षा या ओसाडीत अधिक आहे. किल्ल्याबाहेरच्या गावांतला ख्रिस्ती समाज मात्र टिकला आणि वाढला.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत 1998 मध्ये झाला. त्याचे कॅथेड्रल किल्ल्यात नसून पापडी येथे आहे.